झडती

पडद्यावरचा चोर धावतो तेव्हा
पाय जमिनीला लागतच नाहीत त्याचे.
कौलं, धुरांडी, वाळत घातलेल्या चादरी,
दोन घरांमधली फट म्हणजे त्याला नुसता उंबरठा.
बोलतो जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात,
ती माझा तेजू मराठीत ओरडून सांगतो
सुकदेवमामाला,
कारण मामाला ऐकू कमी येतं
आणि अक्षरं त्याच्यासाठी थांबत नाहीत.

मामा प्रेसमधून रिटायर. नाशिकरोडच्या.
बत्तीस वर्षं नोटा तपासल्या.
आमच्या घरात प्रेस म्हटलं
की ती वर्तमानपत्राची नव्हे, इस्त्रीचीही नव्हे.

जेलरोड, दुसरा मजला, पंखा तीनवर.
मामा खुर्ची पुढे ओढून कार्टून बघतोय.

चोर टांकसाळीत शिरतो.
"खिडकीतून?" मामा म्हणतो. "कसला बंदोबस्त हा."
चोर तिजोरीला कान लावतो,
आपण कलिंगड घेताना लावतो तसा,
आणि ती उघडते,
आणि नोटा बुरुजाबाहेर उसळतात, अख्ख्या शहरावर.
तेजू सोफ्यावर उभा.
"थांबव," मामा म्हणतो. "मागे घे. अजून जरा."
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
"सगळ्यांवर एकच नंबर."
मग पुन्हा, थोडं दुखावल्यासारखं,
"एकच नंबर टाकलाय रे सगळ्यांवर."

चित्र आहे आजोबा, तेजू म्हणतो.
नोट पण चित्रच असते, मामा म्हणतो.

चोराच्या मागे एक इन्स्पेक्टर आहे.
चुरगळलेला कोट, वाढलेली दाढी,
वीस वर्षं त्याच एका माणसाच्या मागावर.
पुलावरून पडतो, गटारात पडतो,
पाव खाता खाता धावतो.
तेजू पोट धरून हसतो.
मामा विचारतो, "ह्याच्या घरी कोण आहे? दाखवलं का?"
नाही दाखवलं.
"मग डबा कोण देतं ह्याला?"

आणि कुणी न विचारताच, पडद्याकडे बघत,
सांगायला लागतो.

सुटताना रोज झडती. हात वर.
बगला, कंबर, मोजे, डब्याचे सगळे कप्पे.
रांचीकडचा एक जवान होता, तिर्की.
अकरा वर्षं त्यानेच चाचपलं मला.
माझी कुठली बरगडी वर आलीये
ते तुझ्या मामीला ठाऊक नसेल,
त्याला होतं.

मामी बिटकोत होती, पहिल्या खेपेला, अडलेली.
त्या दिवशी हाताखालून किती गेले
ते मामा आजही सांगत नाही. आकडा सांगायचा नसतो.
खिसा रिकामा, नेहमीसारखा.
तिर्कीचा हात खिशात गेला
आणि बाहेर यायला जरा वेळ लागला.
बसस्टॉपवर मामाने पाहिलं:
चाळीस रुपये.
दहाच्या चार, घामाने मऊ पडलेल्या,
एकीला चिकटपट्टी.
"आमच्या टेबलावर आली असती तर बाद."

मी विचारलं, परत केलेस?

"कसे करणार? गेटवर जवानाच्या हातात पैसे?
दोघंही गेलो असतो."
मग?
"मग काय. त्याची बदली झाली."

पंख्याचा आवाज.
तेजू हिशेब करत होता बोटांवर.
"म्हणजे आजोबा," तो हळूच म्हणाला,
"तुम्ही प्रेसच्या गेटातून पैसे बाहेर आणलेत."
मामाने त्याच्याकडे असं बघितलं
जसं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
कुणीतरी त्याला पकडलं होतं.
आणि हसला. इतका हसला की ठसका लागला,
पाणी आणावं लागलं.

मग पिक्चर पुन्हा सुरू केला.
पहाट, धुकं, पुलाचा कठडा,
चोर शेवटी सापडलाय, हात वर करून उभा,
इन्स्पेक्टर एकेक खिसा उलटा करतोय
आणि प्रत्येक खिशातून फक्त वारा.
मामा खुर्चीच्या टोकाला,
स्वतःचे हात किंचित उचललेले, त्याला कळलेलं नाही.

"मोजे," तो पुटपुटतोय.
"मोजे बघ ना बाबा. मोजे राहिले."